कडक भाकरीसारखे टॉवेल आणि पिवळी पडलेली बाराबंदी

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापूरला राहतो. वय 64, बँकेतून निवृत्त. दिवाळीनंतर सौ.च्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि घरचं धुणं माझ्याकडे आलं. चार महिन्यांत मी काय काय करून ठेवलं ते सांगतो. तिची इरकल साडी आणि नातवाचा शाळेचा पांढरा शर्ट एकाच वेळी मशीनमध्ये गेले, शर्ट गुलाबी झाला. टॉवेल कडक भाकरीसारखे झालेत, अंग पुसताना खरवडतात. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, पेटीतून माझी बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा) काढली तर काखेत आणि गळ्याशी पिवळी. ब्लीच ओतलं, चांगलं बदाबदा. ती अजूनच पिवळट झाली आणि दोन बंद हातात आले. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे सगळं धुणं त्या दिवशी एकदम काढतो. मधे लागलं तर बोअरचं पाणी. तीन वेळा पावडर बदलून पाहिली. शेजारचे म्हणतात मीठ टाका, रंग पक्का होतो. सौ. म्हणते, पूर्वीचं कापड पंधरा-पंधरा वर्षं जायचं, आता कापडच राहिलं नाही. खरं आहे का? आणि साबण कोणता चांगला, तेवढं सांगा. हे पत्र तिला न सांगता लिहितोय.

— एक नवशिका धुणेकरी

काका, नमस्कार.

साबणाचं शेवटी सांगते. तुमच्या पत्रातला तो सगळ्यात किरकोळ प्रश्न आहे. तुम्ही पावडर तीनदा बदललीत, पण पाणी तेच ठेवलंत आणि पाच दिवसांचा ढीगही तोच ठेवलात. मग फरक कुठून पडणार?

माझे वडील गिरणीत सायझिंग खात्यात होते. म्हणजे ताण्याच्या, मागावरच्या उभ्या सुताला खळ लावायचं काम. आपली जुनी मिल 1877 ची, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि अख्खं गाव भोंग्यावर उठायला-बसायला लागलं. दिवसभर सुतात हात घातलेला माणूस घरी आला की मोरीशी उभा राहायचा. आई धुणं आपटत असायची. मोरीच्या तोंडाशी तंतूंचा बोळा साठला की ते बोटाने उचलून तिला दाखवायचे, "बघ, हा माझा सदरा चालला." आई चिडायची. पण ते बरोबर होते. तुमच्या मशीनला जी जाळी आहे ना, तिच्यात साठणारा करडा बोळा म्हणजे दुसरा कुठला मळ नाही, तुमचे टॉवेल, बनियन आणि चादरीच आहेत, थोडे थोडे करून निघालेल्या. कपडा नुसता अंगावर झिजत नाही, धुण्यात आणि वाळवण्यातही बराच झिजतो. ही एक गोष्ट पटली की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी पाण्याचं बघू. आपला दगड काळा, बोअर खोल, आणि त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. गिझरची कॉइल पांढरी होते, तोटीवर थर बसतो, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या मागते, हे तुम्ही बघतच असाल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम धरली आहे. दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या म्हणतात. पण प्यायला जे चालतं ते धुण्याला चालतंच असं नाही. वडीचा साबण जड पाण्यात गेला की क्षारांशी मिळून त्याचा चोथा होतो. तो पाण्यात विरघळत नाही, कापडावर जाऊन बसतो. पांढरा कपडा करडा दिसायला लागतो, टॉवेल ताठ होतो. मग आपण म्हणतो, निघत नाही, अजून साबण घाला. अजून साबण, अजून चोथा. पावडरीचा असा दूध फाटल्यासारखा चोथा होत नाही, पण तिची निम्मी ताकद क्षारांशी झुंजण्यातच जाते.

तपासायचं असेल तर रिकाम्या बाटलीत अर्धी बाटली बोअरचं पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि हलवा. वर फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी दिसलं तर ठीक. फेस जेमतेम आणि पाणी दुधाळ, वर पापुद्रा तरंगतोय असं झालं तर पाणी जड. नळाच्या पाण्याचीही अशीच परीक्षा घ्या. ते बोअरपेक्षा बरं निघालं, आणि बहुतेक निघेलच, तर पांढरे कपडे आणि टॉवेल त्या पाण्याला राखून ठेवा. पायपुसणी, फडकी, गडद पँट यांना बोअर चालेल.

बोअरचंच पाणी वापरावं लागलं तर धुण्याचा सोडा आणा. खायचा सोडा नव्हे. किराणा दुकानात धुण्याचा सोडा म्हणून मागितला की मिळतो, अगदी स्वस्त आहे. बादलीभर पाण्याला एक मोठा चमचा आधी विरघळवून घ्यायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग पावडर घालायची. सोडा क्षारांना बाजूला बसवतो आणि पावडरीला तिचं काम करू देतो. पावडर नेहमीपेक्षा कमी लागेल. हाताला हातमोजे घाला, कातडी फुटते. आणि रेशीम किंवा लोकर असलेल्या बादलीत सोडा चुकूनही नको. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी "चकचकीत होईल" म्हणून मी रेशमी साडी सोड्याच्या पाण्यात बुचकळली होती. बाहेर काढली तेव्हा तिची चकाकी गेलेली, हाताला तागासारखी लागत होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता ढिगाचं. काका, तुमचा खरा गुन्हा हा आहे, आणि यात दोष तुमचा कमी, पाण्याच्या वेळापत्रकाचा जास्त. घामाने ओला सदरा काढला की आपण तो बास्केटमध्ये कोंबतो. त्यावर दुसरा, त्यावर ओला टॉवेल. पाच दिवस, तेही सोलापूरच्या उकाड्यात. घाम, अंगाचं तेल आणि ओल यांना मुरायला याहून चांगली जागा नाही. वास बसतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात, गळपट्टीचं तेल सुतात शिरून पिवळं पडतं. मग पाणी आलं की घाईघाईत मशीन तोंडापर्यंत भरायची. कपड्याला हलायला जागाच नसेल तर मळ निघणार कुठून? नुसता कपड्याला कपडा घासतो.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. काढलेला कपडा थेट ढिगात टाकायचा नाही, आधी खुंटीवर किंवा गॅलरीतल्या दोरीवर तासभर वाळू द्यायचा. आपली हवा एवढी कोरडी आहे की उन्हाळ्यात पंधरा मिनिटंही पुरतात. आणि बनियन, पंचा, हातरुमाल, मोजे यांची वाट बघायची नाही. आंघोळ झाल्यावर उरलेल्या बादलीत ते तिथंच खळबळून टाकायचे. आपल्या आधीच्या पिढीतले पुरुष स्वतःचा पंचा-बनियन स्वतः पिळून बाहेर यायचे, आठवतंय ना? एवढं केलं तरी पाण्याच्या दिवसाचा ढीग निम्मा होतो.

उरलेल्यातही सगळंच धुवायला हवं असं नाही. अंगाला चिकटणारा सदरा एका दिवसात धुवावाच लागतो, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर दिवसातून दोनदा. पण संध्याकाळी तासभर देवळात घालून गेलेली पँट, लग्नात दोन तास नेसलेली साडी, स्वेटर, जीन्स यांना हवा दाखवली, झटकलं, डाग असेल तेवढाच पुसला की झालं.

तुमची मशीन सेमी-ऑटोमॅटिक असेल तर तिला नावं ठेवू नका. पाणी जपून वापरायचं असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही, कारण पाणी तुमच्या हातात राहतं. एकाच सोड्या-पावडरीच्या पाण्यात आधी पांढरे, मग फिके, मग गडद, शेवटी पायपुसणी. खळबळल्याचं शेवटचं पाणी पुढच्या धुण्याला. ड्रममध्ये कपडे भरल्यावर वर हात सहज फिरला पाहिजे, दाबावं लागलं तर दोन कपडे बाहेर काढा. चेन लावून घ्या, हुक अडकवा, जीन्स आणि रंगीत टीशर्ट उलटे करून टाका. सुती साधे कपडे असतील तर सहा-सात मिनिटं फिरवणं पुरे, पंधरा मिनिटांचा आकडा मशीनवर आहे म्हणून तिथंपर्यंत जायलाच हवं असं काही नाही.

कापडांच्या स्वभावाचं एक सांगते, गंमत वाटेल. सूत ओलं झालं की जास्त ताकदवान होतं. म्हणून आपल्या आज्या सुती लुगडी दगडावर आपटायच्या आणि तरी ती टिकायची. रेयॉनचं बरोबर उलट. कोरडं असताना ठीक असलेला रेयॉनचा कुर्ता ओला झाला की त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. त्याला पिळलं की तो तिथंच विरतो, ओला लटकवला की लांब होतो. सुनेचे-मुलीचे ते झुळझुळीत कुर्ते धुण्यात आले तर हाताने दाबून पाणी काढा, पिळू नका, आडवे पसरून वाळवा. रेशीमही ओलं असताना नाजूकच.

आता तुमची एकेक तक्रार.

टॉवेल. भाकरी कडक झाली की तिचं कौतुक, टॉवेल झाला की पंचाईत! यात क्षार आहेत, जास्तीची पावडर आहे, आणि पत्रात लिहिलेलं नसलं तरी मला शंका आहे की तुम्ही ते सुगंधी कंडिशनरही घालत असणार. ते बंद करा. कंडिशनर धाग्यावर मेणासारखा पातळ थर चढवतो. हाताला मऊ लागतो, पण टॉवेल पाणी प्यायचं सोडतो, नुसता फिरतो अंगावरून. सगळे टॉवेल एकदा गरम पाण्यात फक्त सोडा घालून धुवा, पावडर नको. बघा कसा फेस निघतो, तो सगळा जुना साबण. मग शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून खळबळा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढा. उरलेले क्षार सुटतात. वाळत घालण्याआधी दोन्ही टोकं धरून चार-पाच जोरदार झटके द्या, वाळल्यावर पुन्हा द्या, म्हणजे दबलेले फासे, टॉवेलवरची धाग्यांची वेटोळी, उभे राहतात. टॉवेलला इस्त्री करायची नाही. एखादा फासा बाहेर आला तर ओढू नका, कात्रीने कापा. आपल्या सोलापुरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती चीज चांगली आहे. तिला तेवढं पाणी पिऊ द्या.

चादरीचं लगेच सांगून टाकते. ती ओली झाली की भारी जड होते. एका वेळी मशीनमध्ये एकच, आणि वाळवताना एका दोरीवर मधोमध टाकू नका, वजनाने ताणली जाते. दोन दोऱ्यांवर पसरून टाका. नवी असेल तर पहिल्या दोन-तीन धुण्यांना तंतू सोडेल, घाबरू नका, आणि तेवढ्या वेळा वेगळी धुवा.

नातवाचा शर्ट. चार महिन्यांत त्याला इस्त्री झालीच असेल, त्यामुळे शंभर टक्के हमी देत नाही. ऑक्सिजन ब्लीच म्हणून पावडर मिळते ती आणा, क्लोरीनचं द्रव नको. पाकिटावर लिहिलेल्या मापाने कोमट पाण्यात विरघळवा आणि शर्ट दोन-तीन तास बुडवून ठेवा. खिशावर शाळेचं रंगीत चिन्ह असेल तर आधी त्याच्या कोपऱ्यावर थेंब टाकून बघा. एकदा फिका झाला तर पुन्हा एकदा करा. पुढच्या वेळी असं झालं तर कपडा वाळू द्यायचा नाही, ओला असतानाच पुन्हा गार पाण्यातून काढायचा. वाळला, त्यावर इस्त्री फिरली, की डाग घर करतो. तोवर नातू त्या शर्टात मावेनासा झाला तर प्रश्न मिटलाच.

मिठाचं शेजाऱ्यांना सांगा, बोलण्याला आधार आहे पण अर्धाच. रंगाईवाले रंगाच्या पाण्यात मीठ घालतात हे खरं. मिठामुळे पाण्यातला रंग सुताकडे ढकलला जातो. तिथून ही गोष्ट घराघरात आली असावी. पण एकदा विकत आणलेल्या, रंग सोडणाऱ्या कापडाला मीठ नव्याने धरून ठेवत नाही. फार तर त्या बादलीपुरता रंग कमी सुटतो, पुढच्या बादलीत पुन्हा सुटतो. तुरटीचंही तसंच. त्यापेक्षा परीक्षा घ्या. पांढरा ओला हातरुमाल काठाच्या आतल्या बाजूला दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा आयुष्यभर एकटा धुवायचा.

इरकलीवर मी जरा जास्त बोलणार आहे, माफ करा, माझ्या आजीची आठवण येते. ही साडी जिथली ते इलकल इकडून तसं जवळच, त्यामुळे आपल्याकडे घरटी एखादी तरी इरकल असतेच. तिचा लाल पदर वेगळ्या ताण्याचा असतो. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फाशात फासा अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. साडीचा सगळ्यात कष्टाचा भाग तो, आणि पिळलं की आधी ताण येतो तोही तिथंच. मशीनचा ड्रायर तर तिच्यासाठी नकोच. गार पाणी, दोन-चार रिठे रात्री भिजवून सकाळी चोळून गाळलेलं पाणी, त्यात साडी पाच मिनिटं, जास्त नाही. रिठ्याचा जड पाण्यात साबणासारखा चोथा होत नाही आणि त्यात सोड्याचा खार नाही. भिजत घालून दुसऱ्या कामाला जायचं नाही. लाल रंग तेवढ्यात अंगावर उतरतो. दाबून पाणी काढायचं, जुन्या पंच्यात गुंडाळायचं, सावलीत दोरीवर टाकायचं, पदर वेगळा लोंबू न देता. आणि ही साडी धुण्याआधी काकूंना विचारा. ती त्यांची आहे. कुठल्या पेठेतून, कोणत्या सणाला आणली, आतापर्यंत किती वेळा पाणी लागलं, हे सगळं त्यांना माहीत असणार. पत्र लपवलंत ते लपवलंत, साडी धुणं तरी लपवून करू नका.

फॉल बदलायचा झाला तर एक लक्षात ठेवा: नवा फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, मग लावायला द्यायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि काठाला सुरकुत्यांची झालर येते.

बाराबंदी. ही तुमची खरी दुखती जागा दिसते. ती काखेत पिवळी पडली ती यात्रेत नव्हे, पेटीत. नंदीध्वजाबरोबर चालताना घाम येतो, अंगाचं तेल लागतं. परत आल्यावर कपडा पांढराच दिसतो म्हणून आपण साध्या पाण्यातून काढून घडी घालतो. घाम-तेलाचा जो अंश राहतो तो डोळ्याला दिसत नाही. अकरा-बारा महिने हवा लागून तो हळूहळू पिवळा होतो आणि पुढच्या संक्रांतीला पेटी उघडली की दिसतो. त्यावर तुम्ही क्लोरीन ओतलंत. क्लोरीन मर्यादेत वापरलं तर सुती पांढऱ्याला चालतं. पण घट्ट ओतलं आणि तसंच ठेवलं तर ते डागाबरोबर सूतही खातं. बंद हातात आले ते म्हणून. आणि पिवळेपणा वाढला त्याची दोन कारणं असू शकतात. पाण्यात लोहाचा अंश असेल तर क्लोरीनने तो गंजून कापडावर बसतो. दुसरं म्हणजे, पांढऱ्या कापडाला आणि पावडरीलाही चकाकी आणणारं एक द्रव्य असतं. टिनोपाल आठवतं ना, तोच प्रकार. ते ऊन पिऊन निळसर उजेड परत देतं, म्हणून पांढरं जास्त पांढरं दिसतं. क्लोरीन त्याला मारतं आणि खालचा खरा रंग उघडा पडतो.

आता काय करायचं? क्लोरीन पुन्हा नाही. चांगली धुवून त्याचा वास पूर्ण घालवा. मग नळाच्या कोमट पाण्यात थोडा सोडा आणि ऑक्सिजन ब्लीच, दोन तास. ओली असतानाच उन्हात पसरा. पांढऱ्या सुताला सोलापूरचं ऊन म्हणजे फुकटचं ब्लीच आहे, पण वाळली की लगेच आत घ्या. शेवटच्या पाण्यात चार थेंब नीळ, आधी मगभर पाण्यात कालवून. सरळ कपड्यावर पडली तर निळे ठिपके पडतील आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. तरीही गंजासारखे डाग दिसले तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा आणि नंतर स्वच्छ धुवा. एक गोष्ट मात्र जिवाची आहे: क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधीही एकत्र करायचे नाहीत. विषारी वायू सुटतो, आणि तुमची मोरी बंदिस्त असणार.

बंद नवे लावून घ्या, जुन्या मऊ सुती धोतराच्या कापडाचे. पुढच्या वेळी धुताना ते सगळे बांधून टाका आणि बाराबंदी उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधा, म्हणजे बंद ड्रममध्ये गुंतत नाहीत. पेटीत ठेवताना खळ नको, नीळ नको, प्लास्टिकची पिशवीही नको. खळीच्या कपड्याला कसर लागते, कारण तिला खळ म्हणजे जेवण. धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा, कडुलिंबाची सुकलेली पानं किंवा वेखंड ठेवा, आणि खळ-इस्त्री पुढच्या जानेवारीत घालायच्या आदल्या दिवशी करा. काकूंच्या जरीच्या साड्यांनाही हेच, फक्त त्यांच्या घड्या तीन-चार महिन्यांनी मोडून वेगळ्या जागी घाला आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका.

उन्हाचं अर्धं सांगून झालंच. पांढऱ्या सुताला ऊन, रंगीत कपडे उलटे करून सावलीत, रेशमाला ऊन वर्ज्य. मेमध्ये दुपारभर गच्चीवर राहिलेला काळा टीशर्ट एका उन्हाळ्यात करडा होतो, त्याचं इलॅस्टिक खडखडीत होतं.

शेंगाचटणीचा डाग तुम्ही विचारला नाहीत, पण सोलापुरात धुणं करणाऱ्याला तो चुकत नाही. चटणी सांडली की पहिल्यांदा पाणी लावायचं नाही. कोरड्या कापडावरच भांड्याच्या लिक्विडचा थेंब चोळायचा, तेल सुटलं की मग पाणी. उरलेला तांबूसपणा ऊन घेऊन जातं. आमटीची हळद असेल तर साबण लावल्याबरोबर डाग लालभडक होईल, तेव्हा घाबरायचं नाही. हळदीला खार लागला की ती लाल होते, एवढंच. स्वच्छ खळबळलं की पुन्हा पिवळी होते आणि दोन दिवसांच्या उन्हात फिकी पडते.

आता सौ.च्या म्हणण्याकडे येते. त्या बऱ्याच अंशी बरोबर आहेत. कापड पातळ झालंय, आणि शिवणीत माया, म्हणजे आतलं जास्तीचं कापड, ठेवत नाहीत. जुना शिंपी दोन बोटं माया सोडायचा. पोरगं वाढलं की उसवून सैल करता यायचं. आता शिवण कापडाच्या काठावरून जाते आणि पहिल्या ताणात उसवते. म्हणून घेताना कपडा उलटा करून माया बघा, उजेडासमोर धरून वीण बघा, मुठीत दाबून सोडा. मिश्र धाग्याच्या कापडावर गोळे येतात त्याचं कारणही गमतीचं आहे. सुटलेले तंतू सुताचे असते तर गळून पडले असते. पॉलिएस्टरचा धागा चिवट, तो गोळ्याला धरून ठेवतो.

पण पूर्वी कपडे टिकायचे याला एकट्या कापडाला श्रेय देऊ नका. माझ्या वडिलांकडे कामाचे तीन सदरे होते. गळपट्टी वरून झिजली की शिंपी ती उसवून उलटी करून लावायचा, दोन वर्षं निघायची. ढोपराला रफू, बटण सुटलं की त्याच रात्री टाका. आणि अगदीच विरलं की बोहारणीला नाहीतर वाकळीत. तुम्हाला सुईत दोरा ओवता येतो की नाही ते पत्रात नाही. येत नसेल तर काकू बसल्या जागी शिकवतील, त्यांचे हात काही ऑपरेशन झालेले नाहीत.

राहिला साबण. घरात जी पावडर आहे तीच चालू द्या. डब्यातला मोठा चमचा काढून त्या जागी छोटा ठेवा. पांढऱ्यांना सोडा, रेशमाला रिठे, बाकी सगळ्याला तीच पावडर आताच्या निम्मी. डब्यावर आजची तारीख लिहून ठेवा आणि संपेल तेव्हा मला कळवा. आणि येत्या पाण्याच्या दिवशी, मशीन लावायच्या आधी, टॉवेल बाजूला काढायला विसरू नका.